आधी तपासा, मग घासा: जुन्या रिकर्व्ह धनुष्याची दुरुस्ती आणि पॉलिश

जुनं रिकर्व्ह, म्हणजे टोकं पुढे वळलेलं धनुष्य हाती आलं की पहिली हुक्की येते ती दोरी चढवून ओढून बघायची. ती आवरली की दुसरी येते, पॉलिश पेपर घेऊन घासत बसायची. दोन-चार दिवस दोन्ही आवरा. पहिलीच्या नादात धनुष्य एका क्षणात मोडतं, दुसरीच्या नादात ते हळूहळू वाया जातं. मी स्वतः दुसऱ्या मार्गाने एक धनुष्य घालवलंय, त्याबद्दल पुढे सांगतो.

इथे ज्यांच्याबद्दल बोलतोय ती साधारण १९५० ते १९८० च्या काळातली, लाकूड आणि फायबरग्लास चिकटवून केलेली एकसंध धनुष्यं. मधला जाड, मुठीचा भाग म्हणजे रायझर. त्याच्या दोन्ही अंगांना लवचीक पाती. तिरंदाज त्यांना 'लिंब' म्हणतात, पण मराठी वाक्यात लिंब आलं की डोळ्यांपुढे झाडच उभं राहतं, म्हणून मी पातीच म्हणणार. पात्याच्या पोटात लाकडाच्या पातळ पट्ट्या असतात, बहुतेक वेळा मेपलच्या, आणि त्यांच्या दोन्ही बाजूंना फायबरग्लासचा एकेक थर, जेमतेम एक मिलिमीटरच्या आसपास. धनुष्य ओढलं की पुढचा थर ताणला जातो, तुमच्याकडचा दाबला जातो, आणि मधलं लाकूड मुख्यतः या दोघांना एकमेकांपासून लांब धरून ठेवतं. म्हणजे खरी कमान काचेची, त्या फायबरग्लासची. वरची चकाकी हा नुसता अंगरखा. हे एकदा डोक्यात बसलं की कशाला हात लावायचा आणि कशाला नाही, हे वेगळं सांगावं लागत नाही.

आधी ओळख पटवा

धनुष्य उलटसुलट करून त्यावरची सगळी अक्षरं वाचा. बहुतेक जुन्या धनुष्यांवर लांबी आणि ड्रॉ वेट लिहिलेलं असतं, बऱ्याचदा शाईने, हाताने. ड्रॉ वेट म्हणजे दोरी ठरावीक अंतर ओढल्यावर बोटांवर येणारा भार. हे अंतर सहसा २८ इंच धरतात. '४५' लिहिलं असेल तर २८ इंचांवर ४५ पौंड. पहिलंच धनुष्य असेल तर हा आकडा नीट बघा. ५५ पौंडांचं धनुष्य कितीही देखणं झालं तरी नवख्याला ते धड ओढता येत नाही, आणि ओढाताणीत सवयी बिघडतात त्या बिघडतातच.

बेअर आर्चरी या अमेरिकन कंपनीची धनुष्यं जुन्या बाजारात भरपूर फिरतात, आणि त्यांच्याबाबत एक घोटाळा हमखास होतो. पात्यावर पेटंटच्या मजकुरात 'कॅनडा १९५३' असं दिसतं आणि मालक खुशीत सांगतो की धनुष्य १९५३ चं आहे. ते पेटंटचं साल असतं. तोच मजकूर पुढे कितीतरी वर्षं छापला जात होता. त्यापेक्षा रायझरमधलं गोल धातूचं पदक बघा, ते १९५९ पासून बसवू लागले. गावाचं नावही कामाला येतं. कंपनी १९७८ मध्ये मिशिगनमधल्या ग्रेलिंगहून फ्लोरिडातल्या गेन्सव्हिलला गेली, त्यामुळे ग्रेलिंग लिहिलेलं धनुष्य त्याआधीचं.

ही उठाठेव नुसत्या हौसेपोटी नाही. संग्राहकाच्या दृष्टीने दुर्मिळ धनुष्याचं मूळ व्हार्निश, ओरखड्यांसकट, नव्या चकाकीपेक्षा मोलाचं असतं. तुमच्या हातात तसं काही असेल तर धूळ पुसा, मेण लावा आणि तिथेच थांबा.

तपासणी: इथे घाई नको

मऊ कापड साध्या साबणाच्या पाण्यात भिजवून घट्ट पिळा आणि धनुष्य पुसून काढा. दशकांचा मळ निघाला की निम्म्या 'भेगा' नाहीशा होतात.

उरलेल्या भेगा उजेडात बघायच्या. खोलीत अंधार करून टॉर्च पात्याला जवळजवळ टेकवा आणि प्रकाश आडवा सोडा. जुन्या लॅकरला कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक चिरा पडलेल्या असतात. त्या वरच्या थरातल्या असतील तर काळजी नाही. नखाने ओलांडून बघा. नख अडकत नसेल तर बहुधा चकाकीच तडकलेली आहे. अडकत असेल तर भेग काचेपर्यंत गेली आहे असं धरून चाला. पात्याच्या लांबीने गेलेली केसासारखी रेघ बऱ्याचदा वर्षानुवर्षं तशीच राहते. रुंदीला आडवी गेलेली भेग काचेत असेल तर मात्र ते धनुष्य भिंतीवर टांगायचं. त्यावर गोंद नाही, उपाय नाही, आणि कुणी 'माझं तर चालतंय' म्हणालं तरी ऐकू नका.

मग कापसाचा बोळा पात्याच्या कडांवरून आणि पृष्ठभागावरून हलकेच फिरवा. काचेचा तंतू उचकटला असेल तिथे कापूस अडकतो. बोट फिरवू नका. तो तंतू कातडीत शिरला की दिसतही नाही आणि निघतही नाही.

थर सुटले आहेत का, हे कडेवरून कळतं. लाकूड आणि काच जिथे जुळतात त्या रेषेवर साध्या कागदाचा कोपरा टेकवून पुढे सरकवत जा. कागद आत शिरला तर तिथला गोंद सुटला आहे. रायझर निमुळता होत पात्यात मिसळतो ती जागा दोनदा बघा, कारण सगळ्यात जास्त ताण तिथे एकवटतो. शेवटी दोन्ही टोकांच्या खाचा. दोरीने तिथे कापत आणलेलं असतं, किंवा टोकावरची ठिगळासारखी पट्टी हललेली असते.

कुणीतरी पूर्वी साइट (नेम धरायचं साधन) किंवा भाता बसवण्यासाठी रायझरला स्क्रूची भोकं पाडलेली असतील, ती जुन्या धनुष्यांवर सर्रास आढळतात. दिसायला वाईट, पण जाड भागात असतील तर सहसा बिनधोक.

दोरी चढवून बघा, तीही योग्य बाजूने

पॉलिशचा विचार करण्याआधी धनुष्य सरळ आहे का ते कळायला हवं, आणि ते दोरी चढवल्याशिवाय कळत नाही. त्यासाठी जुनी दोरी वापरू नका, ती टाकून द्या. नवी दोरी डॅक्रॉनची, म्हणजे पॉलिएस्टर धाग्याची घ्या. आजकालच्या फास्टफ्लाइटसारख्या दोऱ्या जवळजवळ ताणल्याच जात नाहीत, त्यामुळे बाण सुटताना सगळा झटका टोकांना बसतो. जुनी टोकं त्यासाठी बनलेली नाहीत, ती चिरतात. डॅक्रॉन थोडी ताणली जाते आणि तो धक्का पोटात घेते. ४५-५० पौंडांच्या धनुष्याला साधारण १४ पदरांची दोरी चालते. लांबी धनुष्यावर लिहिलेल्या लांबीपेक्षा सुमारे ४ इंच कमी, म्हणजे ६० इंची धनुष्याला ५६ इंची.

आता बाजू. दोरी नसताना रिकर्व्हची टोकं तिरंदाजापासून लांब, लक्ष्याकडे वळलेली असतात. नवख्याला ते उलटं वाटतं आणि तो वळणाच्या दिशेनेच दोरी चढवतो. अशी किती धनुष्यं पहिल्याच दिवशी गेली असतील, देव जाणे. बरोबर चढवलेली दोरी टोकाजवळ पात्यावर दोन-तीन इंच टेकलेली दिसते.

पायात अडकवून, मांडीवर वाकवून दोरी चढवायची पद्धत जुनी आहे, आणि पाती पिळण्याचं मोठं कारणही तेच आहे. स्ट्रिंगर वापरा. ती दोन्ही टोकांना खिसे असलेली एक साधी दोरी असते. खिसे टोकांवर चढवायचे, दोरीवर पाय ठेवायचा आणि मूठ सरळ वर उचलायची. दोन्ही पाती सारखी वाकतात. सीतास्वयंवरातलं धनुष्यसुद्धा प्रत्यंचा चढवून ओढतानाच मोडलं, आणि तिथे तर साक्षात प्रभू रामचंद्र होते. आपण चष्मा लावावा, तोंड बाजूला ठेवावं आणि सावकाश चढवावं.

चढली की तासभर तसंच ठेवा, काही करकरतंय का ऐका. मग धनुष्य डोळ्यांसमोर धरून एका टोकाकडून पात्यावरून नजर टाका. दोरी पात्याच्या मधोमध जायला हवी. एका बाजूला सरकलेली असेल तर पातं पिळलं आहे. थोडा पीळ काढता येतो. दोरी उतरवा, पात्यावर गरम पाणी ओता, हाताला चांगलं चटकेल असं पण उकळतं नाही. मग पातं पिळाच्या उलट दिशेला, सरळपेक्षा किंचित जास्त फिरवून धरा आणि तसंच धरून गार पाणी सोडा. पुन्हा दोरी चढवून बघा. मला एकदा हे सहा-सात वेळा करावं लागलं होतं, आणि शेवटी दोरी मधोमध आली. हीट गन, गॅसची शेगडी असल्या उपायांच्या वाटेला जाऊ नका. जास्त उष्णतेत थरांमधला गोंद मऊ पडतो. याच कारणाने उन्हात उभ्या गाडीत धनुष्य ठेवत नाहीत.

आणि हो, दोरी चढली म्हणून ती ओढून नुसती सोडू नका. पुराणातले वीर प्रत्यंचेचा टणत्कार करत, शत्रूच्या उरात धडकी भरे. बाणाशिवाय सोडलेल्या दोरीची सगळी शक्ती पात्यांतच परत जाते, आणि जुनं पातं तेवढ्याने फुटू शकतं.

खरंच घासायचं आहे का?

एवढं झाल्यावर धनुष्याकडे पुन्हा एकदा बघा. मळ गेलाय, दोरी नवी आहे. अनेकदा एवढ्यावर चांगल्या पेस्ट मेणाचा हात फिरवला की काम संपतं. चकाकी सोलून निघत असेल, लाकूड उघडं पडलं असेल, किंवा कुणीतरी वर रंग फासला असेल, तरच पुढे जा.

डागडुजी पॉलिशच्या आधी. स्क्रूची भोकं त्याच लाकडाच्या बारीक भुशात एपॉक्सी कालवून भरा, थोडी उंच ठेवा, वाळल्यावर सपाट करा. रायझरमधली केसासारखी भेग पातळ सुपरग्लू आपोआप आत ओढून घेते. खाचेची कड धारदार झाली असेल तर छोट्या गोल कानशीने किंवा काडीला गुंडाळलेल्या पेपरने ती नुसती गोलसर करा, खाच खोल करू नका. थर कडेला अर्धा-एक इंच सुटला असेल तर आतली धूळ दोऱ्याने काढा आणि २४ तासांत घट्ट होणारं एपॉक्सी आत सारा. पाच मिनिटांवालं नको. मग सायकलच्या ट्यूबची लांब पट्टी कापून पात्याभोवती आवळून गुंडाळा. क्लॅम्पपेक्षा ती बरी, सगळीकडे सारखा दाब देते. यापेक्षा जास्त सुटलेलं पातं जाणकाराला दाखवल्याशिवाय ओढू नये.

जुनी चकाकी काढणं

पेंट रिमूव्हर वापरू नका. तो लाकडावरच्या व्हार्निशसाठी ठीक आहे, इथे तो काचेतल्या रेझिनवर आणि गोंदावरही हल्ला करतो. काम हातानेच करायचं. मशीनही नको.

आधी फोटो काढा, सगळ्या अक्षरांचे, जवळून. मग अक्षरांवर मास्किंग टेप लावा. माझी गोष्ट इथली. मला वाटलं होतं की लिखाण काचेवर आहे आणि चकाकी त्याच्यावर. होतं तसंच, पण त्या दोघांमधलं अंतर माझ्या अंदाजापेक्षा फारच कमी निघालं. २२० नंबरचा पेपर तीन वेळा फिरला आणि कुणीतरी झरझर लिहिलेले लांबी, वजन, क्रमांक पांढऱ्या धुळीत निघून आले. ते धनुष्य आजही चालतं, पण आता ते कुणाचंच नाही. तेव्हापासून मी अक्षरांभोवती जुन्या चकाकीचं एक बेट सोडतो, त्याच्या कडा ४०० नंबरने हळूहळू उतरत्या करतो आणि नवं पॉलिश त्याच्यावरूनच नेतो. जवळून बघणाऱ्याला बेट दिसतं. दिसू दे.

रायझरवर ब्लेड उभं, काटकोनात धरून आपल्याकडे ओढलं की जुनं लॅकर भुग्यासारखं निघतं. ब्लेडचे कोपरे आधी घासून बोथट करा, नाहीतर चरे पडतात. मग १८०, २२०, ३२० असे पेपर, लाकडाच्या रेषांच्या दिशेने. रोझवुडची धूळ काही जणांच्या कातडीला आणि श्वासाला सोसत नाही, तेव्हा मास्क हवाच. हे लाकूड तेलकटही असतं. पॉलिशच्या आधी अॅसिटोनने पुसलं तर नवं पॉलिश नीट धरतं, पण शेजारी फिकं लाकूड असेल तर गडद रंग त्यात पसरतो. म्हणून फडक्याचा हात फिक्याकडून गडदकडे.

पात्यांवर ब्लेड नाही आणि खरखरीत पेपरही नाही. ३२० किंवा ४०० चा वॉटर पेपर, पाण्यात भिजवून, रबरी ठोकळ्यावर गुंडाळून, नेहमी लांबीच्या दिशेने. ओलं घासल्याने काचेची धूळ उडत नाही, तरी मास्क, हातमोजे आणि पूर्ण बाह्यांचा सदरा घाला. कपडे नंतर वेगळे धुवा, नाहीतर घरभर खाज.

कुठे थांबायचं, हे पाण्याचा रंग सांगतो. चकाकी निघत असते तोवर पेपरावरचं पाणी दुधाळ, पांढरट असतं. पातं तपकिरी असेल आणि पाण्यात तपकिरी छटा दिसली की तुम्ही काचेत शिरलात. तिथून हात उचला. मध्येमध्ये काही चमकते ठिपके उरतात, ते खोलगट जागेतलं जुनं लॅकर असतं. त्यांच्या मागे लागू नका. ते काढायला जाल तर आजूबाजूची काच खाली जाईल. पात्याचा ताठपणा जाडीच्या घनाप्रमाणे बदलतो, म्हणजे जाडी एक टक्का घटली तर ताठपणा तीन टक्क्यांच्या आसपास उतरतो. दोन पाती कमी-जास्त घासली गेली तर त्यांचा तोलही बिघडतो. कडांवर तर पेपर दाबूच नका. तंतू तिथूनच सुटतात.

घासलेली काच वाळली की राखाडी, मेलेली दिसते आणि आपण सगळं बिघडवलं असं वाटून पोटात गोळा येतो. ओलं फडकं फिरवा. रंग तत्काळ परत येतो. पॉलिशखाली ती तशीच दिसणार आहे.

नवं पॉलिश

घरी करणाऱ्याला दोन गोष्टी सोप्या पडतात. एक, फडक्याने लावायचं पातळ पॉलियुरेथेन. दोन, बंदुकीच्या दस्त्यांना लावतात ते ट्रू-ऑइलसारखं वाळून थर धरणारं तेल. साधं जवसाचं तेल काचेवर चालत नाही. काचेत ते मुरू शकत नाही, मग नुसतं चिकट राहतं. स्प्रेचं लॅकर सुंदर दिसतं, पण खाली जुन्या चकाकीची बेटं असतील तर सुरकुतण्याचा धोका असतो.

वरच्या खाचेत दोरी बांधून धनुष्य टांगा. खोलीत आदल्या दिवशी झाडलोट करा, त्या दिवशी नको. तेल असेल तर बोटाच्या टोकावर दोन थेंब, हातभर लांबीला पुरवून पसरवायचे, इतका पातळ थर. थर जाड झाला की कडेला ओघळ जमतो आणि तो आठवडाभर मऊ राहतो. प्रत्येक थर पूर्ण वाळू द्यायचा, साधारण एक दिवस, दमट हवेत दोन. दर दुसऱ्या थरानंतर ४०० चा पेपर किंवा ०००० नंबरची स्टील वूल हलकेच, मग पुसून पुढचा थर. तेलाचे सहा ते दहा थर, पॉलियुरेथेनचे तीन-चार पुरतात. चकचकीत नको असेल तर शेवटी स्टील वूल आणि मेण.

तेलाची फडकी गोळा करून कोपऱ्यात टाकू नका. वाळताना ती तापतात आणि आपोआप पेटू शकतात. मोकळ्यावर पसरून वाळवा, किंवा पाण्यात बुडवून मग टाका.

आता दोन-तीन आठवडे वाट बघा. हाताला वाळलेलं आणि खरंच वाळलेलं यात फरक असतो. घाईने मुठीला चामडं गुंडाळलं तर ते पॉलिशमध्ये रुतून बसतं.

पुन्हा ओढताना

दोरी चढवून ब्रेस हाइट मोजा, म्हणजे मुठीच्या सर्वांत खोल जागेपासून दोरीपर्यंतचं अंतर. कंपनीचा आकडा माहीत नसेल तर साडेसात ते साडेआठ इंचांच्या मध्ये ठेवा. दोरीला पीळ दिला की अंतर वाढतं, सोडला की कमी होतं. अर्धा-अर्धा इंच बदलून बाण सोडून बघा, आवाज आणि थरथर कमी होते ती जागा धरा.

पहिल्या दिवशी पूर्ण ओढायचं नाही. दहा इंच ओढून सावकाश परत, वीसेक वेळा. मग पंधरा, मग वीस. करकर ऐकू आली किंवा पॉलिशमध्ये नवी आडवी रेघ उमटली की थांबा, दोरी उतरवा आणि टॉर्च पुन्हा काढा. सगळं गप्प राहिलं तरच पुढच्या एक-दोन दिवसांत २८ इंचांपर्यंत जा. त्यापुढे नाही, तुमचे हात कितीही लांब असोत.

बाण हलके नकोत. जुन्या धनुष्याला दर पौंडामागे निदान ९ ग्रेन वजन द्यावं. ४५ पौंडांना ४०५ ग्रेन, म्हणजे सुमारे २६ ग्रॅम. फारच हलका बाण शक्ती पुरती घेऊन जात नाही, उरलेली पात्यांना सोसावी लागते. दोरीवर बाण अडकवायची खूण काटकोनापेक्षा ३/८ ते १/२ इंच वर बांधा आणि तिथून बारीक फेरफार करा.

काम झालं की दर वेळी दोरी उतरवा, स्ट्रिंगरनेच. धनुष्य कोपऱ्यात एका टोकावर उभं ठेवू नका, खालचं पातं पिळतं. भिंतीवर दोन खुंट्या, त्यावर आडवं.